पाचवीचा कोरा कागद

मूल जन्मल्यापासून पाचव्या दिवशी, दिवेलागणीनंतर, बाळंतिणीच्या खोलीत पाटा मांडतात. त्यावर वरवंटा ठेवून हळदकुंकू वाहतात, नैवेद्य दाखवतात आणि शेजारी एक कोरा कागद व लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, बाळाला एकटे सोडायचे नाही. घरातल्या बायका आळीपाळीने जागतात. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत, घोड नदीच्या खोऱ्यातल्या आसपासच्या गावांत आणि खरे तर महाराष्ट्रभर ही रात्र थोड्याफार फरकाने अशीच पाळली गेली. कुठे पाचवी, कुठे सहावी, कुठे दोन्ही.

या विधीविषयी आपल्याकडे बहुधा दोन प्रकारे बोलले जाते. एका मताने ही निव्वळ अंधश्रद्धा. दुसऱ्या मताने पूर्वजांचे विज्ञान. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोन्हींनंतर पुढे विचार करावा लागत नाही. प्रस्तुत लेखातला प्रश्न साधा आहे. जागरण पाचव्या-सहाव्या रात्रीच का? विसाव्या रात्री का नाही? या प्रश्नाचा माग काढत गेले की बाळाच्या पहिल्या महिन्याचा एक इतिहास हाती लागतो. त्यात देवी आहे, सुईण आहे, डॉक्टर आहेत, कायदा आहे. आणि शेवटी आणखी एक प्रश्न उरतो, तो म्हणजे बाळंतिणीचा म्हणून सांगितला जाणारा सव्वा महिना नेमका कोणाच्या वाट्याला आला?

माईचे गाव

कवठे नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. शिरूर तालुक्यातले हे कवठे ओळखले जाते ते येमाईच्या नावाने. यमाई किंवा येमाई हे नाव कसे पडले याची एक लोककथा सर्वत्र सांगतात. पार्वती सीतेचे रूप घेऊन रामाची परीक्षा पाहायला आली; रामाने तिला ओळखले आणि ‘ये माई’ अशी हाक मारली. व्युत्पत्ती म्हणून ही कथा टिकणार नाही. पण देवीला हाक मारायची ती आई म्हणूनच, ही लोकांची धारणा तीत स्पष्ट दिसते. यमाईला अनेक ठिकाणी रेणुकेचेच रूप मानतात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात रेणुका-यल्लम्मा परंपरेचा संबंध जन्मदात्या आदिमातेच्या प्राचीन उपासनेशी जोडून दाखवला. ज्या मूर्तीच्या बैठकीमुळे अभ्यासकही संकोचत होते, ती प्रसूतीच्या आसनातली आई आहे हे त्यांनी मराठी वाचकाला समजावून सांगितले.

मात्र बाळंतिणीच्या खोलीत येते ती ही मोठी देवी नव्हे. तिथे येते सटवाई. तिचे ठाणे बहुधा गावाच्या शिवेला, ओढ्याकाठी, झाडाखाली असते. शेंदूर फासलेला एखादा तांदळा, एवढेच. तिचे नाव संस्कृत ‘षष्ठी’वरून आले असे मानले जाते, म्हणजे सहाव्या दिवसाची देवी. पुण्याच्या परिसरातल्या अशा मातृदेवतांची ठाणी दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पायी हिंडून पाहिली आणि ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या पुस्तकात त्यांचा अर्थ लावला. या देवतेचे वैशिष्ट्य असे, की ती राखते आणि तीच नेते. म्हणून तिला बोलावायचे, जेवू घालायचे आणि तिला भ्यायचेही. मराठीत ‘सटवी’ ही शिवी आहे, हे यासंदर्भात विसरून चालणार नाही.

दिवसांचा हिशेब

पहिल्या महिन्याला आपल्याकडे एक पक्के वेळापत्रक होते. पहिले दहा दिवस सोयर. पाचवी-सहावीला सटवाईची पूजा. दहाव्या दिवशी न्हाणे-धुणे. बाराव्या दिवशी बारसे. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, पाळणा हलतो, घुगऱ्या वाटल्या जातात. पुढे सव्वा महिना झाला की बाळंतीण विहिरीवर किंवा नदीवर जाऊन पाण्याची पूजा करते, बाळाला देवदर्शनाला नेते आणि मग घरच्या कामाला लागते.

या दिवसांत खोली काळोखी आणि उबदार ठेवत. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी. बाळाला तेल लावून न्हाऊमाखू घालायचे, टाळू भरायची, दुपट्यात गुंडाळून ठेवायचे. बाळंतिणीला बाजरीची भाकरी, तूप, लसूण, शेपूची भाजी. ऐपत असेल तर डिंकाचे, अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे हा खर्च आणि ही सेवा मुलीच्या आईकडे.

यातले बरेचसे आजच्या डॉक्टरांनाही पटेल असे आहे. नवजात बाळाला ऊब लागते; बाहेरच्या माणसांची ये-जा कमी असेल तर संसर्ग कमी होतो; आईला विश्रांती आणि स्निग्ध आहार मिळाला तर दूध येते. पण याच वेळापत्रकात घातक गोष्टीही होत्या. पहिले दोन-तीन दिवस आईचे चिकाचे दूध ‘जड’ किंवा ‘वाईट’ म्हणून पिळून टाकत आणि बाळाच्या तोंडात मध, साखरेचे पाणी, गुटी घालत. ज्या दुधात रोगप्रतिकारक द्रव्ये सर्वांत जास्त, तेच फेकले जाई. नाळ घरातल्या विळ्याने, खुरप्याने किंवा दगडाने कापली जाई आणि जखमेवर राख किंवा शेण लावले जाई. कोंडलेल्या खोलीतला धूर बाळाच्या छातीत जाई. एकाच खोलीत शहाणपण आणि अज्ञान असे शेजारी शेजारी नांदत होते, आणि दोन्ही मायेपोटीच होते.

पाचव्या रात्रीचे भय

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. अस्वच्छ हत्याराने कापलेल्या नाळेतून धनुर्वाताचे जंतू शिरले, तर लक्षणे बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसतात. पहिले दोन दिवस नीट दूध ओढणारे मूल अचानक ओढेनासे होते, जबडा घट्ट होतो, अंग ताठते. जंतुदोषाने होणारे इतर मृत्यूही याच सुमाराला होतात. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात. म्हणजे पाचवी-सहावीची रात्र हा धोक्याच्या दिवसांचा मध्य आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी याच दिवसांत मुले गमावली, त्या बायकांनी जागायची रात्र निवडली ती आकडे न मांडता, अनुभवावरून. कारण त्यांना ठाऊक नव्हते. तारीख मात्र अचूक ठाऊक होती. बारसे बाराव्या दिवशी का, याचेही एक उत्तर इथे मिळते. बाळ राहणार याची थोडी खात्री पटल्यावरच त्याला नाव द्यायचे.

या तारखांचा एक घाव मराठी इतिहासात नोंदलेला आहे. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. डॉक्टर होण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दहा दिवस होते. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. परदेशात शिकायला गेलेली ती मुलगी तिथे बसून आपल्याच घरातल्या बाळंतिणीच्या खोलीविषयी लिहीत होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या ज्ञानाचा उपयोग करायला त्यांना वेळच मिळाला नाही.

पाचवीच्या भयाचे शास्त्रीय उत्तर शोधण्याचे मोठे काम पुढे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला झाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. ही आरोग्यदूत ठरलेल्या दिवशी घरी जाई, बाळाचे वजन करी, श्वास मोजी, ते दूध ओढते का ते पाही आणि जंतुदोष दिसला तर प्रतिजैविक देई. शेजारच्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली. रुग्णालय नसलेल्या ठिकाणीही, ठरावीक दिवशी दारात येणारी एक शिकलेली बाई मूल वाचवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

सुईण

पण दारात येणारी बाई पूर्वीही होतीच. ती सुईण. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत हे काम मातंग समाजातल्या स्त्रिया करीत. ज्या घरात एरवी त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्या घरातले मूल पहिल्यांदा त्यांच्या हातावर येई. नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे अंग चोळणे ही सगळी ‘विटाळाची’ कामे तिची. मोबदला म्हणजे धान्य, लुगडे-चोळी, नारळ. मुलगा झाला तर थोडे जास्त, मुलगी झाली तर कमी. बाळ दगावले तर बोल तिला आणि जगले तर श्रेय सटवाईला.

तिच्या हाताला कौशल्य होते, हे विसरून चालणार नाही. पायाळू मूल, अडलेले बाळंतपण तिने शेकडो वेळा हाताळलेले असे. तिच्याकडे नव्हते ते उकळलेले पाणी, स्वच्छ पाते आणि जंतूंविषयीची माहिती. आणि ही माहिती तिच्यापर्यंत पोचवण्याची गरज समाजाला फार उशिरा वाटली. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि विधवा व गरजू स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. पण ते शिक्षण घोडनदीपलीकडच्या वाड्यावस्त्यांवर पोचायला आणखी दोन पिढ्या जायच्या होत्या.

वढू, १९७२

ते पोचले त्याचा एक महत्त्वाचा अध्याय शिरूर तालुक्यातच घडला. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या वढू बुद्रुक इथे १९७२ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यामागे होत्या डॉ. बानू कोयाजी. शहरातल्या रुग्णालयात अत्यवस्थ होऊन येणाऱ्या बाळंतिणी पाहून त्यांच्या लक्षात आले होते, की उपचार खाटेपाशी सुरू होऊन उपयोग नाही, ते गावात सुरू व्हायला हवेत. गावातल्याच माणसांना, आणि पुढे प्रामुख्याने तरुण स्त्रियांना, आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांच्याकडे काम सोपवायचे ही त्यांची रीत. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सुरुवातीचे वर्षही ध्यानात घ्यावे. १९७२ हे महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचे वर्ष. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळला होता. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांची तान्ही मुले जवळच्या झाडाला बांधलेल्या झोळीत होती. सव्वा महिन्याचे वेळापत्रक त्या वर्षी कितीजणींना पाळता आले असेल, याची कल्पना करता येते.

वजनकाटा

सव्वा महिन्यात डिंकाचे लाडू खाऊ घालणाऱ्या समाजाने आधीच्या नऊ महिन्यांत त्या बाईला काय खाऊ घातले, हा प्रश्न याच जिल्ह्यात शास्त्रीय पद्धतीने विचारला गेला. १९९३ ते १९९६ या काळात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. त्या काय खातात, किती काम करतात आणि त्यांचे मूल किती वजनाचे होते, हे मोजले. गर्भारपणापूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. पूर्ण दिवसांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो.

त्यातून निघालेले निष्कर्ष जगभर गाजले. आपली बाळे हाडापेरानं लहान आणि स्नायूंनी कृश असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी टिकून असते. पुढे मधुमेहाकडे झुकण्याची सुरुवात कदाचित तिथेच होते. घोडनदीच्या खोऱ्यातल्या घरांसाठी मात्र दुसरे दोन निष्कर्ष अधिक जवळचे आहेत. ज्या आया गर्भारपणात दूध, पालेभाज्या आणि फळे जास्त वेळा खात, त्यांची बाळे भरलेली होती. आणि ज्यांच्यावर शेतीचे, पाणी आणण्याचे, घरकामाचे ओझे जास्त, त्यांची बाळे लहान होती. मेथी, शेपू, राजगिरा ज्या शेतात पिकतो त्याच शेतात राबणाऱ्या बाईच्या ताटात तो पुरेसा येत नव्हता. जुड्या बाजाराला जात होत्या. सटवाई कपाळी काय लिहिते कोण जाणे. बाळाच्या वजनाचा मोठा भाग त्याआधीच घरच्या ताटावर आणि हंड्या-घागरींवर लिहिला गेलेला होता.

सव्वा महिना कोणाचा?

परंपरेचे गोडवे गाताना आपण गृहीत धरतो, की सव्वा महिन्याची विश्रांती सगळ्याच बायकांना मिळे. ती मिळे ज्यांच्या घरात दुसरे हात होते, त्यांना. मोलमजुरी करणारी बाई दहाव्या-बाराव्या दिवशी कामावर जाई. आजही कारखान्याच्या हंगामात उसाच्या फडाशेजारच्या कोपीत मुले जन्मतात आणि आया लवकरच मोळ्या बांधायला उभ्या राहतात.

या भागाने तमाशावर फार प्रेम केले. कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशासाठी वगनाट्ये आणि गाणी लिहिली. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. त्या विठाबाईंची एक हकिकत तमाशाच्या दुनियेत आजही सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, मूल झाले, दगडाने नाळ कापली आणि पदर खोचून पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला. ही गोष्ट आपण कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून ऐकतो. ती तशी आहेच. पण विठाबाईंचे घराणे म्हणजे भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड, हे आठवले की ती वेगळीही ऐकू येते. ज्या समाजाच्या बायकांनी गावोगावी इतरांच्या बाळंतिणी राखल्या, त्या समाजातल्या या थोर कलावतीच्या बाळंतपणाला सुईण नव्हती, शेगडी नव्हती, पाचव्या रात्रीचे तर सोडाच, पाच मिनिटांचेही स्वास्थ्य नव्हते.

विश्रांती हा रिवाज नसून हक्क असावा, ही भूमिका आपल्याकडे १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडली गेली. प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे म्हणणे होते, की प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून सरकारनेही त्याचा भार उचलला पाहिजे. १९२९ मध्ये कायदा झाला. पण तो कारखान्यांतल्या स्त्रियांपुरता. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई केली. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. सव्वा महिन्याहून चारच दिवस जास्त. आजीबाईंचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात आला खरा, पण शेतमजूर बाई या दोन्ही कायद्यांच्या बाहेरच राहिली. २०१७ पासून मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळू लागले. बुडालेल्या मजुरीच्या मानाने ही रक्कम थोडीच.

बेचाळीस दिवस

गेल्या वीस वर्षांत बाळंतिणीची खोली बदलली आहे. २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ६५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण जवळपास ९५ टक्क्यांवर गेले. भारतातून माता-नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. राज्यात हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांची संख्या २०२० मध्ये ११ होती. ज्या भयातून पाचवीचे जागरण जन्मले, ते भय बरेच ओसरले आहे.

आणि तरी वेळापत्रक गेलेले नाही. गडचिरोलीच्या अनुभवावरून २०११ मध्ये देशभर घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला भेटायला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, नाळेची जागा कोरडी आहे का ते तपासते, काही लावू नका म्हणते, चिकाचे दूध पाजले ना असे विचारते. सासूबाई शेजारी बसून ऐकतात, कधी मान हलवतात, कधी नाक मुरडतात. त्याच घरात पाचवीला पाटाही पुजलेला असतो. दोन्ही वेळापत्रके एकमेकांना धक्का न लावता चाललेली असतात.

सुईणीची आणि आशाताईची तुलना मात्र अस्वस्थ करते. एकीला धान्य आणि लुगडे मिळे. दुसरीला ‘स्वयंसेविका’ म्हणून कामागणिक मोबदला मिळतो आणि तो वाढावा, वेळेवर मिळावा यासाठी तिला पुन्हा पुन्हा मोर्चे काढावे लागतात. मूल वाचवणारे हात बदलले, शिकले. त्या हातांची किंमत करण्याची आपली रीत फारशी बदलली नाही.

पाचवीचा कागद सकाळी पाहिला तर कोराच असतो. आशाताईच्या नोंदवहीत मात्र अक्षरे असतात, तारीख, वजन, ताप आहे किंवा नाही. त्यात एक रकाना अजून नाही. या आईला बेचाळीस दिवस विसावा मिळाला का, आणि त्या दिवसांत तिच्या घरातले पाणी कोणी भरले? तो रकाना भरणे सटवाईच्या हाती नाही आणि आशाताईच्याही नाही. ते घरच्यांचे आणि सरकारचे काम आहे.